दस्त्यातला बाक

जावईबापूंनी आयुष्यात लाकडाला हात लावला होता तो दार उघडण्यापुरता आणि लावण्यापुरता. त्यातही लावताना बोट सापडायचं. भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर त्यांची बायको आधी हातोडी लपवायची, मग त्यांना भाजी आणायला पिटाळायची आणि ते परत येईपर्यंत स्वतः खिळा ठोकून मोकळी व्हायची. अशा माणसाला सासऱ्यांनी एका रविवारी सकाळी समोर बसवलं आणि आपल्या जुन्या रायफलचा लाकडी दस्ता दुरुस्त करायला सांगितला. घरात कुणाचा विश्वास बसेना. सगळ्यांत कमी जावईबापूंचा.

"लाकूड फार मळलंय हो," सासरे म्हणाले. "मीच केलं असतं, पण माझे हात आता थरथरतात. पुढच्या महिन्यात क्लबात जुन्या सभासदांची नेमबाजी आहे. बहुतेक माझी शेवटचीच. त्यानंतर परवाना तुमच्या नावावर करावा म्हणतो. तेव्हा दस्ता तुम्हीच करा. कराल ना, जावईबापू?"

आता हे वाक्य साधं वाटेल. पण ज्याला सासरे आहेत त्याला त्यातलं वजन कळेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, सासू-सासरे राहायलाही लेकीकडेच आले, तरी सासऱ्यांनी जावईबापूंच्या हातात विश्वासाने कधी छत्रीसुद्धा दिली नव्हती. छत्री लागलीच तर ते म्हणायचे, "राहू दे, तुम्ही फक्त माझ्याजवळून चाला." आणि आता एकदम रायफल! तीही दुकानातून उचललेली नव्हे. मापं देऊन, लाकूड निवडून, खास कारागिराकडून घडवून घेतलेली. सासरे क्लबात अर्धं आयुष्य तिच्यावर नेम धरत आलेले. तिच्या पेटीवरची धूळ ते स्वतःच्या रुमालाने पुसत. जावईबापूंनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी "करतो की!" म्हटलं, आणि तिथेच फसले.

पहिला अडथळा सरकारी निघाला. दस्ता सोडवायचा म्हणजे लोखंडी भाग वेगळा होणार, आणि तो घरात सुटा ठेवायचा नाही असा नियम. म्हणून सासरे-जावई परवाना कार्यालयात गेले. तिथल्या कारकुनाने नळी उलटसुलट करून पाहिली.

"हे काय आहे?"

"रायफल. जमा करायची आहे, दुरुस्तीपुरती."

"रायफलला लाकूड असतं. ही नुसती नळी आहे. नळी जमा करायची सोय आमच्याकडे नाही."

"लाकूड घरी आहे. त्याचीच तर दुरुस्ती करायची आहे."

"मग लाकूड आणा. दोन्ही असलं की ती रायफल होते. मग मी ती जमा करून घेतो."

"पण लाकूड जमा केलं तर दुरुस्त काय करू?" जावईबापूंनी विचारलं.

कारकुनाने त्यांच्याकडे दयेने पाहिलं. असे प्रश्न विचारणारी माणसं त्याला रोज भेटत असावीत. शेवटी साहेब जेवून आले, त्यांना उलगडून सांगितलं, आणि नळी "लाकडाविना रायफल" म्हणून कुलपात गेली. त्यात अख्खा दिवस गेला. बाहेर पडल्यावर सासरे म्हणाले, "तुम्ही मधे बोलला नसतात तर लवकर झालं असतं." ते खरंही असेल, पण त्या दिवशी ऐकायला बरं वाटलं नाही.

मग दस्ता बाल्कनीत वर्तमानपत्रावर आडवा झाला आणि इमारतीतल्या शहाण्या माणसांना वास लागला. लाकूड कुठलं, हे कळल्याशिवाय त्याला तेल कुठलं लावायचं ते कळणार नाही, असं जावईबापूंनी कुठेतरी वाचलं होतं. हे त्यांनी जिन्यात बोलून दाखवायला नको होतं. खालच्या मजल्यावरचे वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक भिंग घेऊनच वर आले. त्यांनी दस्ता पाहिला, हुंगला, आणि कुणी काही म्हणायच्या आत चाटला.

"शिसव," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "किंवा इतकी वर्षं हात लागून लागून आलेला घाम."

कोपऱ्यावरच्या सुताराने तो नखाने टोकरला आणि सागवान असल्याचं ठणकावून सांगितलं. त्याच्या मते जगातलं प्रत्येक चांगलं लाकूड सागवान होतं आणि वाईट लाकूड दुसऱ्या सुताराने आणलेलं होतं. समोरच्या घरात राहणारे एक गृहस्थ होते, ज्यांना सगळी इमारत पाठीमागे सर्वज्ञ म्हणत असे. त्यांनी लांबूनच, चहाचा कप खाली न ठेवता, "अक्रोड आहे," असं सांगितलं. त्यांनी आजवर सांगितलेलं काहीच खरं निघालं नव्हतं, म्हणून अक्रोड सोडून बाकी दोन लाकडांवर बराच वाद झाला. प्राध्यापक आणि सुतार यांचं त्या दिवसापासून बोलणं बंद आहे. पुढे मळ निघाल्यावर ते अक्रोडच निघालं, आणि सर्वज्ञ एकदा बरोबर आले हेच पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ ठरलं, कारण जावईबापूंचा त्यांच्यावर विश्वास बसला.

पण ते नंतर. आधी थोडे दिवस सुखाचे गेले, हे सांगायला हवं. जावईबापू कचेरीतून आले की बाही दुमडून बसत. मऊ फडक्याने मळ काढत, बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवत. हळूहळू काळपट थराखालून तपकिरी रंग वर आला, त्यात गडद रेषा दिसायला लागल्या. जावईबापूंना स्वतःच्या हातांचं कौतुक वाटू लागलं. जेवताना ते हात ताटाजवळ जरा पुढेच ठेवत, कुणाचं लक्ष जावं म्हणून. सासूबाई खुर्चीत विणत बसलेल्या असत. त्या लोकर ओढता ओढता म्हणायच्या, "रंग छान आलाय हो." एवढंच. सासूबाई मुळात कमी बोलायच्या. सासरे असताना कुणाला फारसं बोलायची गरजही पडत नसे.

दस्त्याच्या एका बाजूला खोलगट चेप होती. सर्वज्ञ म्हणाले, "ओलं फडकं ठेवा, वरून गरम इस्त्री. वाफेने लाकूड आपोआप वर येतं." जावईबापूंनी केलं. आणि काय सांगावं, चेप खरोखरच वर आली! त्यांनी बायकोला हाक मारून दाखवलं. बायकोने आधी इस्त्रीचा तळ तपासला आणि मग दस्ता पाहिला. "अहो, खरंच की!" ती म्हणाली. त्या दुपारी जावईबापूंना जे वाटलं ते त्यांना बढतीच्या वेळीही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल लावायच्या आधी दस्ता डोळ्याजवळ धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नजर टाकली. सुतार फळी बघतात तसं. उगाच, ऐट म्हणून.

दस्ता वाकडा होता.

थोडा नव्हे, चांगला दिसण्याइतका. खांद्याला टेकायचं टोक सरळ मागे जायचं सोडून डावीकडे गेलं होतं. त्यांनी डोळे चोळले. चष्मा काढला, पुसला, घातला. दस्ता टेबलावर ठेवून शेजारी फूटपट्टी धरली. फूटपट्टी सरळ होती. इस्त्री! वाफेने लाकूड वर येतं, तसं ते वळतही असणार, एवढं साधं डोक्यात आलं नाही!

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जावईबापू विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या विभागात होते. लोकांचे दावे तपासायचे आणि "सदर नुकसान आधीपासूनच होते" असा शेरा मारून परत पाठवायचे, हे त्यांचं रोजचं काम. गळकं छप्पर असो नाहीतर मोडकी गाडी, त्यांना ते पाहताक्षणी आधीपासूनचं वाटायचं. पण स्वतःच्या हातून काही झालं म्हटल्यावर तो शेरा त्यांना आठवलाही नाही. सासऱ्यांची रायफल आपण बिघडवली, याबद्दल त्यांच्या मनात तसूभरही शंका नव्हती. आपल्या हातून दुसरं काय होणार!

त्यांनी दस्ता चादरीत गुंडाळला आणि समोरच्या दारावर टकटक केली.

"ज्या वाटेने वाकला त्या वाटेने सरळ करायचा," सर्वज्ञ म्हणाले. "लाकडाला सवय लावावी लागते. वजन ठेवा."

तेव्हापासून दुपारी सासरे झोपले की घरात चोरून उद्योग सुरू झाला. जावईबापूंनी कचेरीत अर्ध्या दिवसाच्या रजा टाकायला सुरुवात केली. दस्ता आधी गादीखाली गेला. त्यावर जावईबापू आडवे झाले. दस्ता सरळ झाला नाही, पण त्यांच्या कमरेत उसण भरली. मग दोन खुर्च्यांवर आडवा ठेवून वर जुन्या मासिकांचे गठ्ठे चढवले. एक खुर्ची मोडली. दस्ता तसाच. मग सुताराकडून लाकूड आवळून धरायचा लोखंडी शिकंजा आणला. कशाला हवा हे सांगायचं नव्हतं, म्हणून "घरी जरा आवळायचंय" असं मोघम सांगितलं. सुताराने पुढे चार दिवस त्यांच्या बायकोकडे काळजीने पाहिलं. शिकंजा आवळून आवळून टेबलाच्या कडेचा टवका उडाला. शेवटी ओल्या फडक्यात गुंडाळून, दोरीने बाल्कनीच्या गजाला ताणून बांधून पाहिला. गजच आत वाकला. दस्ता सोडवला की तो आपला होता तसा, जावईबापूंकडे वाकडी मान करून बघणारा.

एकदा सासूबाई अचानक बाल्कनीत आल्या. जावईबापू तेव्हा दस्त्यावर बसले होते.

"काय करताय?" त्यांनी विचारलं.

"बसलोय, आई. हवा छान आहे."

"दस्ता झाला का?"

"झालाच म्हणायचा. वाळतोय."

सासूबाईंनी त्यांच्या बसण्याकडे पाहिलं, गजाकडे पाहिलं, काही म्हणणार होत्या, पण आतून सासऱ्यांची हाक आली आणि त्या गेल्या. जावईबापूंना वाटलं वाचलो. तेव्हाच त्यांनी खरं सांगून टाकलं असतं तर कमरेचं दुखणं, खुर्ची आणि बाल्कनीचा गज वाचला असता. पण सासूबाईंना सांगायचं म्हणजे सासऱ्यांना कळणार, या भीतीने त्यांची बोबडी वळली होती.

रात्री बायकोला मात्र सांगावं लागलं, कारण दस्ता रात्री पुन्हा गादीखालीच लपवलेला असे आणि ती काय टोचतंय ते शोधत होती. तिने आधी दस्ता गादीखालून बाहेर काढला. मग म्हणाली, "बाबांना स्वतःच सांगा. उद्याच सांगा." जावईबापू म्हणाले, "सांगतो." रोज सकाळी सांगायचं ठरवून ते दिवाणखान्यात यायचे आणि रोज सासरे पेपरामागून म्हणायचे, "काय जावईबापू, कारागीर झालात म्हणे!" असं कौतुक करणाऱ्या माणसाला कसं सांगणार? ते कौतुक ऐकायला किती वर्षं घालवली होती त्यांनी.

दिवस संपले. तेल लावून चमकलेला वाकडा दस्ता घेऊन दोघं परवाना कार्यालयात गेले. कारकुनाने दस्ता हातात घेऊन डोळ्यासमोर धरला. जावईबापूंच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे लाकूड रस्त्याने उघडं आणलंत?"

"पिशवीत आणलं."

"कुठल्या पिशवीत?"

जावईबापूंनी भाजीची पिशवी दाखवली. रायफलचा भाग भाजीच्या पिशवीतून आणता येतो की नाही याची आत जाऊन चौकशी झाली. नियमात पिशवीचा उल्लेख नव्हता, म्हणून चालेल असं ठरलं. लाकूड आणि लोखंड एकत्र बसलं, कारकून म्हणाला, "आता झाली रायफल," आणि सासऱ्यांनी दस्त्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "सुंदर केलंत हो." जावईबापूंनी भाजीच्या पिशवीची उगाच घडी घातली.

क्लबातल्या नेमबाजीला सगळं घर गेलं. सासूबाईंनी विणकाम बरोबर घेतलं होतं. मैदानाच्या एका टोकाला लक्ष्याच्या पाट्या होत्या, दुसऱ्या टोकाला सासऱ्यांचे मित्र खुर्च्यांवर बसून एकमेकांची औषधं विचारत होते. सासऱ्यांचा नंबर आला. त्यांनी रायफल उजव्या खांद्याला लावली आणि मान अशी काही वळवून दस्त्यावर नेली, की पाहणाऱ्यालाच चमक निघावी. सासऱ्यांची मान एरवीही उजवीकडे कलती असे. ते त्याचा दोष उशीला देत. घरात त्यापायी उशा बदलून बदलून संपल्या होत्या.

पहिली गोळी पाटीच्या बाहेर. दुसरी मातीच्या ढिगात. तिसरी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. मित्रांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. सासऱ्यांनी रायफल खाली घेतली आणि मान चोळत म्हणाले, "संपलं बुवा आता आपलं. हात राहिला नाही."

जावईबापू हे आधी कधी पाहायला आलेले नव्हते. सासरे नेहमीच असं मारतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं, की एक म्हातारा माणूस आपल्या शेवटच्या दिवशी स्वतःला दोष देतोय, आणि दोष त्याचा नाही. त्यांना ते सहन होईना. ते उठले आणि सरळ सासऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"बाबा, हात तुमचा ठीक आहे. दस्ता वाकडा झालाय. मी केला. इस्त्रीने."

"इस्त्रीने?" सासरे म्हणाले.

मग जावईबापूंनी सगळं सांगितलं. वाफ, फूटपट्टी, गादी, खुर्ची, शिकंजा, गज, काही लपवून ठेवलं नाही. "तुम्ही पहिल्यांदाच माझ्यावर काही सोपवलंत आणि मी त्याची वाट लावली," ते म्हणाले. "दुसरा दस्ता करून घेऊ. काय लागेल ते मी बघतो. पण आजचा तुमचा दिवस मी कुठून परत आणू?"

सासऱ्यांनी रायफलकडे पाहिलं. मग जावयाकडे. मग वळून, जरा चोरट्यासारखं, सासूबाईंकडे. सासूबाईंनी विणकाम खुर्चीवर ठेवलं आणि उठून आल्या.

"द्या बघू इकडे," त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी मुकाट्याने रायफल दिली. सासूबाईंनी ती डाव्या खांद्याला लावली. गाल आपसूक लाकडावर जाऊन बसला, मान जराही वाकवावी लागली नाही. डावं बोट चापावर गेलं.

"कुठे वाकडा?" गाल न उचलता त्यांनी विचारलं. "माझ्या मापाचाच आहे."

गोळी सुटली. पाटीजवळच्या माणसाने दुर्बीण डोळ्याला लावली, काढली, पुन्हा लावली. "बरोब्बर मधोमध!" तो ओरडला.

जावईबापूंच्या बायकोने आईचा दंड धरला. "आई! तू कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी विचारलं नाहीस," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या वडिलांनी करून घेतली होती माझ्यासाठी, लग्नाआधी. मी डावखुरी. कारागिराने खांद्याचं माप घेऊन दस्ता डावीकडे वळवून घडवला होता. लग्न झालं, परवाना यांच्या नावावर गेला, मग तू झालीस, घर आलं. राहिलं ते राहिलंच."

"आणि बाबा इतकी वर्षं त्या उलट्या दस्त्यावर..."

"पडून गंजली असती," सासरे घाईने म्हणाले. "हिला दर वर्षी म्हणायचो, चल, एकदा तरी चल. ही म्हणायची, पुढच्या वर्षी. तोवर कुणीतरी चालती ठेवायला नको?" मग कुणी विचारायच्या आत त्यांनी ठासून सांगितलं, "मान माझी उशीमुळेच दुखते."

जावईबापूंचा जीव भांड्यात पडला. तो इतक्या जोरात पडला की ते गवतावर बसलेच. आपण काही बिघडवलं नाही! लाकूड होतं तसंच आहे! त्यांना हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. बायको पाठीवर हात फिरवत होती. पलीकडे सासूबाई दुसरी गोळी भरत होत्या आणि सासऱ्यांचे मित्र औषधांचं बोलणं सोडून खुर्च्या पुढे ओढत होते.

सासरे हळूच खाली वाकून त्यांच्या शेजारी बसले.

"परवाना तुमच्या नावावर करायचं रद्द," ते म्हणाले. "हिच्या नावावर करू."

"करा, बाबा. आजच करा."

"एक विचारू? ते तुम्ही रोज सरळ करत होतात, गादी, शिकंजा, ते सगळं. जरासुद्धा सरळ झालं नाही?"

"जरासुद्धा नाही."

"एवढे कष्ट घेऊन?"

"एवढे कष्ट घेऊन."

सासऱ्यांनी जावयाचा हात आपल्या दोन्ही थरथरत्या हातांत धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"देवाची कृपा हो, जावईबापू," ते म्हणाले, "की तुम्हाला काही जमत नाही!"